दातांवरचे डाग आणि गव्हाची पोळी

सात-आठ वर्षांच्या मुलाला पटाशीचे कायमचे दात येतात आणि त्यांवर पांढरट-पिवळट डाग, आडवे चरे किंवा बारीक खड्डे दिसतात, तेव्हा घरात दोष जातो चॉकलेटला, नाहीतर ब्रशच्या कंटाळ्याला. वरचेवर तोंड आलं तर ‘उष्णता झाली’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या जातात. काही मुलांमध्ये या दोन्ही तक्रारींचं मूळ लहान आतड्यात असतं. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, तो सीलिॲक आजार. जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली वाढ ही त्याची ओळखीची लक्षणं. पण अनेक रुग्णांचं पोट फारशी तक्रार करत नाही. म्हणूनच हा आजार ओळखण्यात दंतवैद्याचा वाटा आजच्यापेक्षा खूप मोठा असायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

दाताचं एनॅमल एकदाच घडतं. ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे घडणीच्या काळात राहिलेली उणीव कायम राहते. पटाशीच्या कायमच्या दातांची आणि पहिल्या दाढांची घडण जन्माच्या सुमारास सुरू होते आणि काही वर्षं चालते. मूल पोळी, शिरा, बिस्किटं खाऊ लागतं ते याच काळात. फिनलंडच्या लीसा आयने यांनी १९८६ मध्ये या दोषांची प्रतवारी मांडली. तिचा गाभा असा, की एकाच वेळी घडणाऱ्या दातांवर डाव्या-उजव्या बाजूंना सारखाच दोष दिसतो. कारण एकच नसावं. आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हे जुनं स्पष्टीकरण. २०२३ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी सीलिॲकच्या रुग्णांत एनॅमलच्या घडणीतल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडंही दाखवून दिली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: असे डाग पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे होणाऱ्या फ्लोरोसिसनेही पडतात, आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत ते घरोघरी दिसतात. तेही दोन्ही बाजूंना सारखे असतात, म्हणजे नुसत्या दातांवरून निदान होणार नाही. पण पाण्याचा दोष त्याच विहिरीवरच्या शेजाऱ्यांच्या दातांवरही उमटतो. तो तिथे नसेल, आणि मुलाला वरचेवर तोंड येत असेल, उंची मागे पडली असेल, लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नसेल, तर सीलिॲकसाठीची टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यायलाच हवी.

दुसरा आक्षेप असा, की हा उत्तर भारताचा आजार, आपण भाकरी-भाताचे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तरेत प्रमाण १.२ टक्क्यांच्या आसपास, तर दक्षिणेत ०.१ टक्का आढळलं, हे खरं. मात्र त्याच पाहणीत जनुकीय प्रवृत्तीत एवढी तफावत नव्हती. मोठा फरक होता तो गव्हाच्या खाण्यात. ज्वारी-बाजरीवरून पोळी, पाव आणि बिस्किटांवर आलेल्या महाराष्ट्राने या आकड्यांवर निश्चिंत राहू नये.

बिघडलेलं एनॅमल ग्लुटेनमुक्त पथ्याने भरून येत नाही, मग उपयोग काय? वेळेत पथ्य सुरू झालं तर अजून जबड्यात घडत असलेले दात वाचू शकतात, तोंड येणं बऱ्याचदा कमी होतं आणि हाडं सावरतात. शिवाय सख्ख्या भावंडांनाही हा धोका असतो, तेव्हा एका मुलाचं निदान दुसऱ्याच्या तपासणीची वाट उघडतं. फक्त तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. तसं केल्यास रक्तातल्या खुणा पुसट होतात. निदानानंतर मात्र पथ्य कडक हवं. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि गव्हावर दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतोच, म्हणून गिरणी वेगळी हवी. ग्लुटेनमुक्त म्हणून विकली जाणारी बिस्किटंही बेताने द्यावीत, कारण त्यांतली साखर आणि चिकट स्टार्च कमकुवत एनॅमलला लवकर कीड लावतात.