जुन्या पोळीत नवी इमारत

सुलतान अहमदशहाने इ. स. १४११ मध्ये वसविलेल्या अहमदाबाद शहराच्या तटबंदीतील जुन्या भागास २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा मान दिला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय. या भागातील पोळींत एका दरवाजातून शिरावे, तो दुतर्फा भिंतीस भिंत लावून उभी असलेली घरे दिसतात. वडोदऱ्यातील वाचकांस अशा पोळी परिचित आहेतच.

आता समजा, अशा पोळीतील एक घर जीर्ण झाले, वारसदार वाढले आणि त्या जागी अनेक बिऱ्हाडांची इमारत बांधावयाचे ठरले. ती कशी असावी? दर्शनी भागी चार कोरीव खांब बसविले म्हणजे झाले, असे पुष्कळांस वाटते. परंतु जुन्या घराचा प्रत्येक भाग काय काम करीत होता, हे आधी समजून घेतले पाहिजे.

दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांस लागून असल्याने तेथे खिडक्या नसतात. म्हणून घराच्या मध्यभागी चौक ठेवीत. त्यातून आतील खोल्यांस उजेड मिळे, उष्ण हवा वर निघून जाई आणि रात्रीचा गारवा खाली उतरे. अनेक घरांत चौकाखाली टाके असे. गच्चीवरील पावसाचे पाणी त्यात साठे. रस्त्यालगतच्या ओट्यावर वृद्ध बसत, मुले खेळत. त्यामुळे गल्लीवर आपोआप नजर राही.

आजकाल मोटारींसाठी तळमजला मोकळा ठेवून वरचे मजले नुसत्या खांबांवर उभारण्याचा प्रघात आहे. तसे केल्यास ओटा तर जातोच. शिवाय असा मजला दुबळा राहण्याचे भय असते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या बहुमजली इमारतींत मोकळ्या तळमजल्याच्या अनेक होत्या.

तेव्हा नव्या इमारतीस सिमेंट, लोखंड खुशाल वापरावे. मात्र उंची शेजारच्या घरांना धरून असावी, मध्ये सर्व बिऱ्हाडांचा चौक असावा, त्याखाली टाके आणि दारी ओटा असावा. चौकापायी एकदोन खोल्या कमी होतील, हे खरे. पण उजेड व वारा नसलेल्या घरात कोण राहील? माणसे उपनगरांत निघून जातात आणि मागे घरांची गोदामे होतात; हे जुन्या अहमदाबादेत अनेक ठिकाणी घडलेही आहे.

बालमित्रांनो, एखाद्या जुन्या वाड्यात गेलात, तर नक्षी अवश्य पाहा. आणि तेथे उजेड कोठून येतो, तेही पाहा.