पट्टी नको, आकडा वाचा

१९३० च्या ‘दख्खनच्या राणी’ची अंडरफ्रेम इंग्लंडात बनली, डबे माटुंग्याच्या कारखान्यात. म्हणून ड्रॉइंग हाती आले की मी आधी पाहतो : हे कुठल्या भागाचे? त्यावर पट्टी लावत नाही. जुना कागद आकसतो, आणि दोन्ही दिशांना सारखा नाही. लिहिलेला आकडाच धरायचा.

फुटाला ३.५ मिलिमीटर या प्रचलित प्रमाणात आपले साडेपाच फुटी ब्रॉडगेज १९.२५ मिलिमीटर भरते. बाजारातली तयार चाके १६.५ची, युरोपातल्या रुळांच्या मापाची. ती बसवली तरी डबा देखणा दिसतो. पण राणी परक्या रुळांवर उभी राहते. मी चाके लेथवर कातून घेतो. हट्टच म्हणा.

ड्रॉइंग मात्र ठरलेले तेवढेच सांगते. कारखान्यात ऐनवेळी काय बदलले, ते जुन्या छायाचित्रांत शोधावे लागते.