गाडी रात्रीची, दिवस रोहितांचा

आज बचतीचा हिशेब नाही. आज एका रिकाम्या दिवसाचा हिशेब सांगते.

आमचा गट परभणी जिल्ह्यातला. माघात आम्ही पाचजणी चटण्या-पापड घेऊन मुंबईच्या प्रदर्शनाला गेलो होतो. परतीची गाडी रात्रीची. दिवसभर फलाटावर बसून काय करायचं? मी म्हटलं, ऐरोलीच्या खाडीवर पक्षी बघू. आमच्या खजिनदार मावशी म्हणाल्या, "पैसे मोडून चिखल बघायचा?" तरी निघालो. सामान क्लोकरूममध्ये ठेवलं. लोकलने ठाणं, तिथून वाशीच्या लोकलने ऐरोली, पुढे रिक्षा.

9 वाजता पोचलो, तर नाव दुपारी बाराला! खाडीत नाव चालण्याइतकं पाणीच नव्हतं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की विचारू नका. नावेवरचे दादा कोळी. ते म्हणाले, "आज द्वितीया ना? मग दीडला भरती."

हे गणित ऐकून ठेवा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी पुढे जाते. म्हणून तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आपण तिथी उपासासाठी बघतो, कोळी पोटासाठी.

हेच घड्याळ पक्षीही पाळतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते खाण्यासाठी लांबवर पसरतात. पाणी चढू लागलं, की काठाकडे सरकतात. सकाळी आम्हाला दूरवर नुसती गुलाबी रेघ दिसत होती. बाराला नाव सुटली आणि ती रेघ जवळ आली. ते रोहित पक्षी होते! हजारोंनी, उंच पायांवर उभे, माना खाली घातलेल्या.

रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो. जिभेने पाणी आत ओढतो, बाहेर सोडतो. चोचीतल्या बारीक जाळीत खाणं अडकतं. अगदी आपल्या गाळणीसारखं. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो, मोठा रोहित बारीक कोळंबी, किडेही खातो. त्यांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. गाजराला रंग देणारं द्रव्यही त्याच कुळातलं. पिल्लं मात्र करड्या रंगाची असतात. कच्छच्या रणात जन्मलेले रोहित पावसाळ्यानंतर इथे येतात आणि बरेचसे उन्हाळ्याअखेर परततात.

काठाला तिवराची झाडं होती. त्यांची मुळं श्वास घ्यायला खिळ्यांसारखी चिखलाबाहेर येतात. त्याच मुळांत माशांची, खेकड्यांची पिल्लं वाढतात आणि काठाची मातीही धरून राहते. तिथे बगळे, शेकाटे, खंड्याही दिसले. 2015 साली ही खाडी रोहितांसाठी अभयारण्य झाली. 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत तिचं नाव आलं.

नाव परतताना मावशी म्हणाल्या, "म्हणजे हा चिखल नाही, यांचं धान्याचं कोठार आहे." चारपर्यंत आम्ही स्टेशनवर होतो. गाडी चुकली नाही.

आता खरी गोष्ट. गावच्या तळ्याचा दलदलीचा कोपरा कचरा टाकून बुजवावा, असं आमच्याकडे वर्षभर चाललं होतं. बैठकीत मीही मान डोलावली होती. परवा विषय निघाला, तेव्हा मावशीच उभ्या राहिल्या. "तिथे थंडीत पाखरं उतरतात. आधी मोजू, मग बोलू." आता दर रविवारी सकाळी दोघीजणी तळ्यावर जातात आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहितात. निर्णय अजून झालेला नाही. ग्रामसभेत ती वही ठेवणार आहोत.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्यांच्या खाडीनं त्यांना रोजगार दिला. तुमच्या गावच्या पाण्यावर कोण येतं? एकदा पहाटे जाऊन बघा आणि आम्हाला कळवा.