नावे पडलेले नाव

१० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ या इंग्रजी वृत्तवाहिनीवर गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी चालू होती. न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या निधीवर डल्ला मारला गेला होता आणि काही न्यायमूर्तींची नावेही त्या संदर्भात घेतली जात होती. त्यात एक नाव कलकत्ता उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींचे होते. बातमीत नाव त्यांचे आले. पडद्यावर छायाचित्र मात्र झळकले ते पुण्यात निवृत्तीचे आयुष्य जगणाऱ्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. दोन आडनावांचे उच्चार जरा जवळचे, तेवढ्यावर भलतेच छायाचित्र उचलले गेले. ते पडद्यावर होते सुमारे पंधरा सेकंद.

सावंत १९८९ ते १९९५ सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते आणि त्यानंतर २००१ पर्यंत भारतीय प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष. ध्वनिलहरी ही कोणत्याही सरकारची मालमत्ता नाही, ती जनतेची आहे, असे सांगणारा फेब्रुवारी १९९५ चा निकाल त्यांच्याच लेखणीतून उतरला. खासगी वाहिन्यांच्या युगाची वाट त्या निकालाने रुंद केली. ज्या माणसाने दार उघडले, त्याच्याच अंगावर ते दार आपटले, असे म्हणायला हरकत नाही.

चूक लक्षात आल्यावर वाहिनीने छायाचित्र दाखवणे थांबवले. पण जाहीर माफी लगेच आली नाही. सावंतांनी लेखी मागणी केल्यानंतर, म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांनी, माफीची पट्टी फिरू लागली. त्यांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. २६ एप्रिल २०११ रोजी न्यायालयाने शंभर कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. वाहिनी अपिलात गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने वीस कोटी भरायला आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्यायला सांगितले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही या अटीत हात घालायला नकार दिला. रक्कम अवाजवी आहे, अशा दंडाने एखादे लहान वृत्तपत्र कायमचे बंद पडेल, अशी टीका तेव्हा पुष्कळांनी केली. त्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पण माझ्या मनात तेव्हापासून एक वेगळाच प्रश्न घोळतो आहे. पंधरा सेकंदांची भरपाई नेमकी मोजायची कशी?

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा खतावण्या लिहिल्या. त्यामुळे कुठलाही प्रश्न समोर आला की तो आधी जमा-नावेच्या भाषेत मांडून बघायची खोड लागली आहे. बँकेतही चुका होतात. एखाद्याच्या खात्यात भलत्याचीच रक्कम नावे पडते. पण त्या चुकीसाठी बँकेची एक जुनी शिस्त आहे. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही. ती दिसत राहिली पाहिजे. तिच्यापुढे उलट नोंद करायची, अधिकाऱ्याने सही करायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती उलट नोंद चुकीच्या तारखेपासून लागू करायची. बँकेच्या भाषेत याला ‘व्हॅल्यू डेट’ म्हणतात. चूक जानेवारीत झाली आणि सापडली जूनमध्ये, तरी खातेदाराचे व्याज जानेवारीपासून धरायचे. म्हणजे मधले सहा महिने जणू ती चूक झालीच नव्हती.

अब्रूच्या खात्याला ही सोय नाही. थेंबाने गेलेली हौदाने येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अर्थाने.

याचा अर्थ मला कळला तो एका सहकाऱ्यामुळे. त्यांचे नाव सांगत नाही, भाऊसाहेब म्हणतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही एकाच शाखेत होतो. शाखेतून कोऱ्या डिमांड ड्राफ्टचे काही फॉर्म गेले आणि महिन्याभरात ते दुसऱ्या शहरात वटले. त्यांवर भाऊसाहेबांची सही होती. वरिष्ठांनी नियमाप्रमाणे निलंबित केले. यात बँकेचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वृत्तपत्रात पहिल्या पानावर त्यांचे नाव, छायाचित्र आणि मथळा आला: ‘बँक अधिकाऱ्याचा प्रताप’. चौकशी अजून सुरूही व्हायची होती.

त्या दिवसापासून गावात ते दिसेनासे झाले. दूधवाल्याने महिन्याचा हिशेब मध्येच मागितला. किराणा दुकानातली उधारी बंद झाली. मोठ्या मुलीचे लग्न जवळजवळ ठरले होते. मुलाकडच्यांनी कारण न सांगता पत्रिका परत पाठवली. भाऊसाहेब पहाटे अंधारात फिरायला जात आणि उजाडायच्या आत घरी येत.

अडीच वर्षांनी चौकशी संपली. हस्ताक्षरतज्ज्ञाने सह्या बनावट ठरवल्या. भाऊसाहेब सन्मानाने कामावर रुजू झाले. बँकेने निलंबनाच्या तारखेपासूनचा पगार दिला, वेतनवाढी दिल्या, सेवाज्येष्ठता कायम ठेवली. म्हणजे बँकेने व्हॅल्यू डेट दिली. मग आम्ही दोघे आदेशाची प्रत घेऊन त्या वृत्तपत्राच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला, आस्थेने ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, बातमी आता जुनी झाली ना. पण बघतो.” आठवड्याने सातव्या पानावर, धान्याच्या बाजारभावाखाली चार ओळी आल्या. ‘बँक अधिकाऱ्याची निर्दोष सुटका’. त्यात नावच नव्हते!

आरोप नावानिशी आणि निर्दोषत्व बिननावाचे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम त्यांच्या खात्यात नावे पडली आणि जमा झाली ती सस्पेन्स खात्यात, जिथे कोणाची तरी आहे एवढेच ठाऊक असलेले पैसे पडून असतात.

पुढे आम्ही दोघेही निवृत्त झालो आणि योगायोगाने बेशात राहायला आलो. बेसा तेव्हा नागपूरच्या दक्षिणेचे, शेतांमधले गाव होते. आता तिथे फ्लॅट स्कीमच्या रांगा आहेत आणि निम्मी माणसे कुठून ना कुठून निवृत्त होऊन आलेली आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीला कोषाध्यक्ष हवा होता. बँकेतला माणूस, हिशेबाला चोख म्हणून मी भाऊसाहेबांचे नाव सुचवले. सभा संपल्यावर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “काका, ते बँकेत यांचं काहीतरी झालं होतं ना?”

“झालं होतं. सही दुसऱ्याने केली होती. ते निर्दोष ठरले.”

“हो, सुटले ते माहीत आहे. पण काहीतरी असल्याशिवाय कोणी नाव छापते का?”

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी आपले नाव मागे घेतले. कोणी त्यांच्या कानावर घातले की त्यांनी नुसत्या नजरांवरून ओळखले, हे मी विचारले नाही. घटनेला पाव शतक उलटून गेले होते, गाव दुसरे होते, माणसे दुसरी होती. त्या गृहस्थांना मथळा आठवत होता. सातवे पान त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

‘सुटले’ हा शब्द बघा. आपण सहज लिहितो, ‘निर्दोष सुटका’. पण सुटतो कोण? जाळ्यात सापडलेला. ऐकणाऱ्याच्या मनात निर्दोष हा शब्द विरून जातो आणि सुटका तेवढी उरते. म्हणजे पकडला होता, वकील चांगला मिळाला, निसटला. आरोपाची भाषा मात्र किती भरघोस! पर्दाफाश, म्होरक्या, मुसक्या आवळल्या, गजाआड. अटक ही तपासाची सुरुवात असते, पण बातमीतल्या क्रियापदांवरून वाटते की खटला संपला आणि शिक्षाही सुरू झाली. निर्दोषत्वासाठी आपल्याकडे असे एकही दणदणीत क्रियापद नाही.

यातली सर्वांत प्रसिद्ध कहाणी नंबी नारायणन यांची. ‘इस्रो’मध्ये द्रव इंधनाच्या इंजिनावर काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाला ३० नोव्हेंबर १९९४ रोजी हेरगिरीच्या आरोपावरून केरळ पोलिसांनी अटक केली. मालदीवच्या दोन स्त्रिया, रॉकेटची गुपिते, पैसा. वर्तमानपत्रांना याहून चटकदार काय हवे होते? आठवडेच्या आठवडे रकाने भरत राहिले. १९९६ मध्ये सीबीआयने आरोपात काही तथ्य नसल्याचा अहवाल दिला, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणावर पडदा टाकला. तरी भरपाईचा निकाल यायला १४ सप्टेंबर २०१८ उजाडला: पन्नास लाख रुपये. पुढच्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्यासोबत गोवलेले के. चंद्रशेखर मात्र तो निकाल लागण्याच्या सुमारासच बेशुद्धावस्थेत गेले आणि दोन दिवसांनी वारले. चोवीस वर्षे ज्या कागदाची वाट पाहिली, तो आला तेव्हा वाचायला ते शुद्धीवर नव्हते.

नारायणन यांच्यामागे निदान त्यांचे कर्तृत्व होते. ज्यांना असे काहीच पाठबळ नाही, त्यांचे काय? ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. नऊ जणांना अटक झाली आणि त्यांची नावे, चेहरे घरोघर पोचले. त्यांनी पाच वर्षे तुरुंगात काढली. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तेव्हा नवांपैकी एक जण हयात नव्हता. त्यांच्या अटकेची बातमी किती जणांना आठवते आणि दोषमुक्तीची किती जणांना, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारून पाहावे.

कायदा नाही का? आहे. अब्रुनुकसानीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दिवाणी दावाही लावता येतो. पण मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत. इथेच सामान्य माणसाची गोची होते. भाऊसाहेबांना निर्दोष ठरायला अडीच वर्षे लागली. तोवर दाव्याची मुदत केव्हाच संपली होती. प्रेस कौन्सिलकडे जावे, तर १९७८ च्या कायद्याने तिला समज देता येते, ताशेरे ओढता येतात, दंड करता येत नाही. वाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर निकाल देताना सांगितले की, तपास चालू असताना माध्यमांनी चालवलेला खटला न्यायाच्या कामात अडथळा आणतो. निकाल उत्तम आहे. पण त्या आधी कित्येक महिने रोज रात्री घराघरांत जेवणाच्या ताटासमोर तो खटला चालून गेला होता.

म्हणून वृत्तपत्रांचे तोंड बांधावे, असे मी मुळीच म्हणत नाही. बँकेत असताना कितीतरी घोटाळे वृत्तपत्रांमुळे बाहेर आलेले मी पाहिले आहेत. लेखापरीक्षकाला जे दिसत नाही ते कधीकधी वार्ताहराला दिसते. माझे मागणे साधे आहे. जमा-नावेचा नियम पाळा. नाव छापून आरोप छापला असेल, तर नाव छापूनच निर्दोषत्व छापा. ज्या पानावर, ज्या आकारात आरोप आला, त्याच पानावर, त्याच आकारात खुलासा येऊ द्या. पूर्वी वृत्तपत्र महिन्याने रद्दीत जाई आणि माणसाला निदान विसरले जाण्याची आशा असे. आता कोणीही मोबाइलवर नाव टाकले की वीस वर्षांपूर्वीची बातमी आज सकाळची असल्यासारखी समोर येते. निदान तिच्याच खाली ‘या व्यक्तीला पुढे निर्दोष ठरवण्यात आले’ एवढी एक ओळ जोडणे, म्हणजे उलट नोंद करून सही करणे, काही अवघड नाही.

आणि थोडा नियम आपल्यासाठीही. रविवारी सकाळी चहासोबत आपण बातमी वाचतो, “बघा, कसे असतात लोक!” म्हणतो आणि पान उलटतो. त्या उलटलेल्या पानामागे कोणाची तरी मुलगी असते, तिची परत आलेली पत्रिका असते. पुढच्या वेळी कोणी म्हणाले की ‘त्यांचं काहीतरी झालं होतं ना’, तर एवढेच विचारावे: “पुढे काय झालं, ते माहीत आहे का?” उत्तर बहुधा येणार नाही. पण बोलणारा क्षणभर थांबेल, आणि तेवढ्याने एखाद्या सोसायटीला तरी चांगला कोषाध्यक्ष मिळेल.