ब्रेक दाबताच सुटणारा क्लच

ऑल-व्हील-ड्राइव्हची ख्याती चिखलाबर्फातून गाडी बाहेर काढण्याची. मला मात्र तिचं खरं कसब ब्रेक दाबताना दिसतं. निसरड्या रस्त्यावर मागची चाकं आधी जॅम झाली, तर गाडी गरकन फिरते. म्हणून पुढची चाकं आधी थांबावीत अशीच ब्रेकची रचना असते. पण पुढची-मागची चाकं शाफ्टने घट्ट बांधलेली असली, तर पुढची थांबताना मागच्यांनाही ओढणार. एबीएसचंही गणित त्यात बिघडतं.

अमेरिकेत क्रायस्लरने टाउन अँड कंट्री आणि डॉज ग्रँड कॅरव्हॅन या मिनीव्हॅनच्या २००१ ते २००४ च्या मॉडेलमध्ये यावर फार देखणा उपाय योजला होता. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना; मागे जाणाऱ्या शाफ्टवर वळणावरचा किरकोळ फरक सोसणारं व्हिस्कस कपलिंग आणि त्याच्या जोडीला ओव्हररनिंग क्लच. काम सायकलच्या फ्रीव्हीलचंच, फक्त खटक्यांच्या जागी पोलादी रोलर.

आतल्या शाफ्टवर सपाट पैलू असतात, बाहेर गोल कडं. मधली फट पैलूच्या मध्यावर रोलरपेक्षा किंचित मोठी, कडेला अरुंद. पुढची चाकं घसरून शाफ्ट कड्यापेक्षा जास्त वेगाने फिरू लागला, की रोलर अरुंद बाजूला सरकून पाचरीसारखे रुततात आणि जोर मागच्या चाकांना मिळतो. पाचरीचा कोन मुद्दाम जेमतेम काही अंशांचा ठेवतात. त्यामुळे जोर वाढेल तशी पकड वाढते. कोन मोठा असता तर रोलर निसटले असते. ब्रेक दाबून पुढची चाकं मंदावली, की कडं शाफ्टच्या पुढे धावतं, रोलर रुंद भागात येतात आणि मागची चाकं मोकळी होतात. या सगळ्यात ना सेन्सर, ना संगणक.

अडचण रिव्हर्सची. साधा एकदिशा क्लच उलटा फिरताना जोर पोचवतच नाही. याच गाड्यांच्या आधीच्या मॉडेलमध्ये त्यासाठी व्हॅक्यूमवर चालणारं वेगळं कुलूप होतं. नव्या क्लचमध्ये रोलर एका पिंजऱ्यात बसवले आणि पिंजऱ्याचे घर्षण-शू स्थिर आवरणाला घासत ठेवले. त्या घासण्यामुळे पिंजरा शाफ्टच्या थोडा मागे रेंगाळतो. शाफ्ट सुलटा फिरला तर रोलर पैलूच्या एका कडेला, उलटा फिरला तर दुसऱ्या. दिशा बदलली की पाचर आपोआप बदलते!

२००५ च्या मॉडेलमध्ये जमिनीत घडी होऊन जाणारी आसनं आली. त्यांना गाडीच्या पोटाखालची जागा हवी होती, म्हणून मागचा शाफ्ट गेला आणि हा क्लचही.