विश्लेषण : इंटरसेप्टरचे हँडल खाली घेताना नेमके काय बदलते?

रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घरी आली की सायलेन्सरनंतर लक्ष जाते ते हँडलकडे. कंपनीचे हँडल रुंद, उंच आणि मधोमध आडवी पट्टी असलेले. त्याजागी बाजारातले बसके हँडल लावले की गाडी साठच्या दशकात लंडनच्या ‘एस कॅफे’बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसारखी दिसते. काम तासाभराचे वाटते. पण क्लच, पुढचा ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, बटणे, आरसे हे सगळे त्याच एका नळीवर असते.

बसण्यात काय फरक पडतो?

२०१८ मध्ये इंटरसेप्टरसोबतच आलेल्या कॉन्टिनेन्टल जीटी ६५० ला खाली झुकलेले हँडल आहे, पण तिचे फूटरेस्टही मागे आहेत. इंटरसेप्टरचे फूटरेस्ट तुलनेने पुढे. नुसते हँडल खाली घेतले तर पाय पुढे आणि पाठ वाकलेली, अशी अवघडलेली बैठक होते. महामार्गावर वारा कमी लागतो, हे खरे. सिग्नलच्या रांगेत मात्र शरीराचा भार मनगटांवर येतो. त्यामुळे आधी कोणाची तरी जीटी अर्धा दिवस शहरात चालवून पाहावी. हौस तिथेच फिटली तर पैसे वाचले.

बसवताना काय पाहावे?

नळीची जाडी २२ मिलिमीटर हवी. बटणांच्या डब्याला आतून छोटी पिन असते आणि ती नळीतल्या छिद्रात बसते. नव्या हँडलला छिद्र नसेल तर काही गॅरेजवाले सरळ ती पिनच घासून टाकतात. तसे करू देऊ नका. डबा हातात फिरू लागतो. जागा नीट मोजून छिद्र पाडणे हाच मार्ग. ब्रेक ऑइलची डबी होज न उघडता सरकवता आली तर उत्तम. उघडावीच लागली तर हवा पूर्ण काढून घ्या आणि टाकीवर कापड टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खाते.

हँडल खाली आले की केबल लांब पडतात आणि वेड्यावाकड्या दुमडतात. म्हणून शेवटी ही चाचणी हवीच : गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे. अशी गाडी वळणावर स्वतःच वेग घेईल. त्याच वेळी हँडल आणि टाकीच्या मध्ये अंगठा मावतो का, तेही पाहा. अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना अंगठा अडकला की दोनशे किलोंवरची गाडी सावरत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. मनाई असलेल्या बदलासाठी कलम १८२ अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. हँडलचा उल्लेख आरसीवर नसतो, असा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकापुढे तो टिकेलच असे नाही. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवावा, आणि जुने हँडल बोल्टसकट जपून ठेवावे.