फडफडणारी पोटरी आणि दोन काठ्यांचे बाबा

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. वय सव्वीस, नोकरी इथेच रायपूरला. जेवणं झाल्यावर सतरंजीवर पाय पसरून बसला आणि म्हणाला, “मामा, हे बघा.” उजव्या पोटरीच्या कातडीखाली काहीतरी उडत होतं. बूढातालाबाच्या संथ पाण्याखाली मासा वळावा तसं. क्षणभर हले, थांबे, मग दोन बोटं खाली पुन्हा. तीन आठवडे हे चाललं होतं. मोबाईलवर वाचून त्याने निदानही करून टाकलं होतं: मोटर न्यूरॉन डिसीज. रात्रीची झोप उडाली होती.

असे तरुण माझ्या दवाखान्यातही नेहमी येतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. म्हणून हे नीट सांगायला हवं.

मज्जारज्जूतली एक चेतापेशी स्नायूतल्या शेकडो तंतूंना हुकूम देते. ती पेशी किंवा तिचा धागा चिडचिडा झाला, की वरून निरोप नसतानाही ती आपणहून ठिणगी सोडते आणि तिच्या हाताखालचे सगळे तंतू एकदम आकसतात. तीच ही फडफड. जागरण, चहाचा अतिरेक, जास्तीचा व्यायाम, काळजी, मे महिन्यात घामावाटे गेलेलं मीठ, दम्याची काही औषधं, थायरॉईड, यातलं काहीही पेशीला चिडवायला पुरतं.

मोटर न्यूरॉनच्या आजारात मात्र पेशी मरत असते. मरता मरता ती ठिणग्या सोडते, मग तिचे तंतू पोरके होतात आणि स्नायू वाळत जातो. म्हणून डॉक्टर फडफडीपेक्षा ताकदीकडे जास्त बघतो. चालताना चप्पल पायातून निसटते का? शर्टाचं बटण, कुलपातली किल्ली जड जाते का? अंगठा आणि तर्जनीमधला मांसल उंचवटा खोलगट झालाय का? जीभ बघायची ती तोंडातच, सैल ठेवून. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते, आणि आरशासमोर जीभ काढून घाबरलेली माणसं मी कितीतरी पाहिली आहेत.

भाच्याला उठवलं. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. उकिडवा बसून हात न टेकता तो तीनदा उठला. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या, सारख्या भरल्या. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ साली अशाच १२१ जणांचा हिशेब छापला होता. त्यांना फक्त फडफड होती, अशक्तपणा नव्हता. काहींवर तर तीस वर्षांहून जास्त लक्ष ठेवलं होतं. एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नाही. हे त्याला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा नीट हसला.

फडफडीने धावपळ करायची वेळ येते ती शेतात. धानावर किंवा कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाचं अंगभर मांस उडतंय, लाळ गळतेय, घाम फुटलाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तर ती ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तिथे एकेक तास मोलाचा होता.

आणि या मातीचा स्वतःचा असा एक चेतासंस्थेचा आजार आहे. त्यात स्नायू असे फडफडत नाहीत. तो येतो एका डाळीतून. आपल्याकडे भंडारा-गोंदियात जिला लाखोळी म्हणतात, ती छत्तीसगढची तिवरा. धान उभं असतानाच, बांधीतल्या ओलाव्यावर बी फेकायचं. याला इथे उतेरा म्हणतात. खत नको, पाणी नको, दुष्काळातही पीक येतं आणि दाण्यात पाव हिश्श्याहून अधिक प्रथिनं. दुष्काळात गरिबाच्या ताटात हीच डाळ उरायची, आणि तिथेच घात व्हायचा. दोन-तीन महिने जेवणाचा मोठा हिस्सा तिवराच असला, की धडधाकट तरुण एक दिवस उठतो तो पोटऱ्यांत गोळे आणि जड पाय घेऊन. १८३०च्या आसपास सागर भागात पिकं बुडाली, लोकांनी हीच डाळ खाल्ली आणि तरुण पोरं कमरेखाली लुळी पडली, असं कर्नल स्लीमनने लिहून ठेवलं आहे. डाळीतलं ओडॅप नावाचं विष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. एस. सर्मा यांच्या चमूने १९६४ साली वेगळं काढलं. मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्याचं सोंग घेऊन ते पेशींना इतकं चेतवतं की त्या खचतात.

मोटर न्यूरॉनच्या आजारापेक्षा फरक असा, की इथे खचतात त्या मेंदूतून मज्जारज्जूकडे हुकूम आणणाऱ्या वरच्या पेशी. खालच्या बहुतेक शाबूत राहतात. म्हणून पाय वाळत नाही, ताठतो. पाऊल झटक्याने वर दाबलं की ते शिवणयंत्राच्या पायट्यासारखं थरथरत राहतं. घरचे त्यालाच फडफड समजतात.

वैद्यकाच्या पुस्तकात या आजाराच्या पायऱ्या आहेत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटणारा. डाळ सोडली की आजार सहसा तिथेच थांबतो, पण गेलेली चाल परत येत नाही.

१९६१ साली केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली, तरी शेतात ती उभी राहतच आली. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने कमी विषाचे प्रतीक आणि महातिवरा हे वाण काढले. २०१६ साली वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या दोन्हींसह दिल्लीच्या रतन वाणालाही हिरवा कंदील दाखवला. मला हे काम फार मोठं वाटतं. शेतकऱ्याला त्याचं पीक सोडायला न सांगता त्यातलं विष कमी केलं. पण घरचं जुनं बी पेरणारा शेतकरी आजही आहे. त्याने डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी टाकून द्यावं, आणि रोजच्या रोज तीच खाऊ नये. हिवाळ्यात बाजारात येणारी कोवळी तिवरा भाजी अधूनमधून खाल्ली तर घाबरण्यासारखं काही नाही. मीही खातो.

काही वर्षांपूर्वी महासमुंदकडचे एक बाबा आले होते, पाय कात्रीसारखे एकमेकांवर टाकत. दोन्ही काठ्यांच्या मुठी तळव्याने घासून काळ्या गुळगुळीत झालेल्या. चपलांचे अंगठे पार झिजलेले, टाचा नव्यासारख्या. मांसबिंस उडतं का, म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली, मांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, “नइ साहेब, गोड़ अकड़ जाथे.” नाही साहेब, पाय ताठतो. पोटऱ्यांवर हात फिरवून पाहिला. तरुणाच्या असाव्यात तशा भरलेल्या होत्या.